कंदील ते सौरछत : सातारा-सांगली परिसरातील घरगुती प्रकाश व देखभालीची जबाबदारी – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विजेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने धरणे, वीजगृहे, मंडळे, वीजदर आणि विस्थापितांची आंदोलने यांकडे गेलेले आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु वीज घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली, की हा इतिहास बहुधा तेथेच थांबतो. घरातील दिवा कोण पुसत होते, कोण दुरुस्त करत होते, तो बंद पडल्यावर कोणाकडे जावे लागत होते, हे प्रश्न क्षुल्लक मानले गेले. वास्तविक कोणतेही तंत्र समाजात रुजले की नाही, हे त्याच्या उद्घाटनावरून ठरत नाही. ते चालू ठेवण्याचे ज्ञान किती घरांत पोहोचले, यावरून ते ठरते.

आज सातारा व सांगली जिल्ह्यांतील घरांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. अशा वेळी या बदलाकडे केवळ शासकीय योजना म्हणून न पाहता, घरगुती प्रकाशाच्या सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहणे आवश्यक वाटते. प्रस्तुत निबंधात तो प्रयत्न केलेला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) सातारा-सांगली परिसरातील घरगुती प्रकाशसाधनांच्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यात देखभालीची जबाबदारी कोणाकडे होती, हे तपासणे.
३) गृह सौरसंचाची रचना व त्याची देखभाल या परिसराच्या भूगोलाच्या संदर्भात समजून घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केलेला आहे. सातारा व सांगली हे दोन जिल्हे एकत्र घेण्यामागे ऐतिहासिक कारण आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठ, सह्याद्रीचा पायथा आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त माणदेश हे तीनही प्रदेश या दोन जिल्ह्यांत विभागले गेले आहेत. त्यामुळे त्यांचा एकत्रित विचार करणे उचित ठरते.

कंदिलाचा काळ : घराच्या हातातील दिवा

वीज येण्यापूर्वी ग्रामीण घरात पणती, समई, रॉकेलची चिमणी व कंदील ही प्रकाशाची साधने होती. लग्नकार्यात वा तमाशाच्या फडात पेट्रोमॅक्सची बत्ती येई. या इतिहासात आपल्या परिसराचे एक खास स्थान आहे. कराडजवळच्या ओगलेवाडी येथे ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना सुरू केला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. त्याच्या अगोदर, १९१० साली, औंध संस्थानच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली होती. म्हणजेच घरातील दिवा आणि शेतातील लोखंडी नांगर या दोन्ही वस्तू याच परिसरात तयार होत होत्या.

कंदिलाचे वैशिष्ट्य असे, की त्याची देखभाल पूर्णतः घरात होत असे. सायंकाळ होण्यापूर्वी काच राखेने किंवा कागदाने पुसणे, काजळी काढणे, वात सरळ कातरणे, रॉकेल भरणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. वात वर केली तर काच काळी पडते, वारा लागला तर ज्योत फडफडते, गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकाशिवाय एका पिढीकडून दुसरीकडे जात असे. काच, वात व बर्नर हे सुटे भाग बाजारात मिळत. आषाढातील दिव्याच्या अमावास्येला घरातील सर्व दिवे घासून-पुसून, मांडून त्यांची पूजा केली जाई. या प्रथेकडे धार्मिक आचार म्हणून पाहिले जाते. परंतु वर्षातून एकदा घरातील प्रत्येक दिवा हातात घेऊन तपासण्याची ती एक सामाजिक व्यवस्थाही होती, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

अर्थात या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. प्रकाश अपुरा होता, धूर डोळ्यांत जाई, रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभे राहावे लागे आणि दिवे पुसण्याचे श्रम प्रामुख्याने स्त्रियांच्याच वाट्याला येत. तरीही दिवा घराच्या हातात होता, ही गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे.

कोयना आणि मंडळाची वीज : देखभाल घराबाहेर गेली

१९५४ साली कोयना प्रकल्पाच्या कामास प्रारंभ झाला. पाटण तालुक्यात उभ्या राहिलेल्या १०३ मीटर उंचीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून पोफळी येथे वीजनिर्मिती सुरू झाली. आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली व पुढील दोन-तीन दशकांत खांब, तारा आणि रोहित्रे गावोगाव पोहोचली. परंतु कोयनेची वीज प्रथम मोठ्या प्रमाणावर मुंबई-पुण्याच्या उद्योगांकडे गेली. ज्यांच्या जमिनी शिवसागराखाली गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांना दिव्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. हा विरोधाभास या परिसराच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या टप्प्याचा अर्थ वेगळा आहे. बटण दाबले की दिवा लागू लागला आणि त्याबरोबर देखभालीचे ज्ञान घराबाहेर गेले. घरातील माणसाने करावयाचे एवढेच राहिले, की बल्ब गेला तर बदलावा, फ्यूजची तार गेली तर घालावी आणि बिल भरावे. बाकी सर्व वायरमनकडे. डीपी जळाली तर गाव अंधारात बसे आणि मंडळाच्या कार्यालयात हेलपाटे घाली. प्रकाश कितीतरी पटीने वाढला. मात्र त्यावरील घराचा अधिकार कमी झाला. ‘ग्राहक’ हा शब्द घरगुती प्रकाशाच्या संदर्भात याच काळात रूढ झाला, हे सूचक आहे.

भारनियमनाचा काळ : बॅटरी घरात आली

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात विजेची तीव्र टंचाई निर्माण झाली. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला होता, मागणी वाढत होती व नवी निर्मिती अपुरी होती. २००५ साली विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती व महापारेषण या कंपन्या अस्तित्वात आल्या. त्या सुमाराची ग्रामीण भागातील दीर्घ भारनियमनाची वर्षे आजही लोकांच्या स्मरणात आहेत. दहावीचा अभ्यास, पिठाची गिरणी, पिण्याच्या पाण्याचा पंप, सर्व काही भारनियमनाच्या वेळापत्रकावर चाले.

याच काळात सधन शेतकरी, शिक्षक, दुकानदार यांच्या घरांत इन्व्हर्टर व बॅटरी आली. तिच्याबरोबर देखभालीचा एक छोटासा अंशही घरात परतला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, टर्मिनलवर जमणारा पांढरा-हिरवट थर पुसणे, बॅटरी पूर्ण उतरू न देणे या गोष्टी लोक शिकले. ज्यांनी त्या शिकल्या नाहीत, त्यांची बॅटरी अकाली निकामी झाली. पुढे आलेल्या सौर युगाची ही एक प्रकारे पूर्वतयारीच होती.

सौर तंत्राचा प्रवेश

सौर विद्युतघटाचा आधुनिक इतिहास १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू होतो. तेथे चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी सिलिकॉनचा असा घट तयार केला, की जो पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या सुमारे सहा टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करू शकत होता. कोयनेच्या कामाचा प्रारंभही त्याच वर्षी झाला, हा एक योगायोग. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने १९७७ साली पहिला सौर घट तयार केला. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि राज्यात १९८० च्या दशकात महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, कार्यरत झाले.

सातारा-सांगलीच्या बोलण्यात ‘सोलर’ या शब्दाचा पहिला अर्थ मात्र वीज असा नव्हता, तर छपरावरील पाणी तापवण्याचे यंत्र असा होता. त्यानंतर ग्रामपंचायतींच्या चौकांत सौर पथदिवे व दुर्गम वाड्यांवर घरगुती सौरदीप आले. या पहिल्या पिढीच्या दिव्यांची कथा बोधप्रद आहे. पॅनेल शाबूत, खांब शाबूत, पण बॅटरी संपलेली व दिवा बंद, असे दृश्य अनेक गावांच्या वेशीवर दिसत आले आहे. तंत्र अपयशी ठरले नव्हते. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते आणि तिची तरतूद कोणी करावयाची, हे ठरलेले नव्हते.

सौर ऊर्जेस खरी गती २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर आली. २०१५ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरसंचांसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले. घरात तयार झालेली जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलात वजा करून घेण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये अनुदान तीत ठरवण्यात आले. विद्युत मंडळाचा ग्राहक आता उत्पादकही झाला.

गृह सौरसंचाची रचना

देखभाल समजण्यासाठी रचना समजणे आवश्यक आहे. पॅनेलमधील प्रत्येक सिलिकॉन घट सुमारे अर्धा व्होल्ट दाब निर्माण करतो. असे अनेक घट एकापुढे एक जोडून पॅनेल तयार होते. बैलगाडीच्या एका चाकास खीळ बसली तर सारी गाडी अडते, तसे या साखळीतील काही घटांवर सावली पडली तर त्या ओळीतील प्रवाह अडतो. पॅनेलमध्ये बसवलेले डायोड हा तोटा काही अंशी मर्यादित करतात, परंतु नाहीसा करत नाहीत. म्हणून नारळाच्या झावळीची वा पाण्याच्या टाकीची लहानशी सावलीही दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

पॅनेलमधून मिळणारी एकदिश वीज इन्व्हर्टर घरगुती वापराच्या प्रत्यावर्ती विजेत बदलतो. आपला परिसर साधारणतः १७ ते १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेल दक्षिणाभिमुख व जवळपास तितक्याच उतारावर बसवणे हितावह असते. एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो.

संचाचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक ग्रीडशी जोडलेला व दुसरा बॅटरीवर चालणारा. दोहोंचा संगम असलेला तिसरा. येथे सर्वाधिक गैरसमज होतो. ग्रीडशी जोडलेला साधा संच महावितरणची वीज गेली, की भर उन्हातही बंद पडतो. हा बिघाड नसून सुरक्षेची योजना आहे. तो चालू राहिला, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू शकेल. भारनियमनाच्या स्मृतीने सौरसंच घेणाऱ्या कुटुंबास ही गोष्ट खरेदीपूर्वीच सांगितली जाणे आवश्यक आहे. ज्यांना वीज गेल्यावरही दिवा हवा, त्यांनी बॅटरीसह संच घ्यावा व तिचा खर्च धरावा.

दोन जिल्ह्यांच्या भूगोलात देखभाल

सौरसंचाची देखभाल सर्वत्र सारखी नसते. सातारा-सांगलीचे तीन प्रदेश या दृष्टीने वेगवेगळे विचारात घ्यावे लागतात.

पश्चिमेकडील पाटण, जावळी, महाबळेश्वर या अतिवृष्टीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर निर्मिती बरीच घटते. वार्षिक हिशेब करताना हे गृहीत धरावे. येथे पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळ व पाने साचतात, सांगाड्याचे नट-बोल्ट गंजतात आणि वारा व वीज पडणे यांचा धोका असतो. पावसाळ्यापूर्वी बोल्ट आवळणे, तारांचे आवरण पाहणे, वीजरोधक व अर्थिंग तपासणे ही येथील मुख्य कामे होत. पॅनेलचा सांगाडा, इन्व्हर्टर व वीजरोधक यांचे अर्थिंग स्वतंत्र असावे.

मधल्या कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात ऊस हंगामाचा प्रश्न आहे. पाचट जाळल्याची काजळी व कारखान्यांच्या धुराड्यांची राख हिवाळ्यात, म्हणजे आकाश निरभ्र असतानाच, पॅनेलवर बसते. येथे हंगामात पुसणे अधिक वेळा करावे लागते. दुसरा प्रश्न महापुराचा. २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांनी सांगली परिसरात पाणी घरात किती चढते, हे दाखवून दिले आहे. पॅनेल छपरावर असते, परंतु इन्व्हर्टर व बॅटरी बहुधा खालच्या मजल्यावर, जिन्याखाली बसवतात. पूररेषेतील घरांनी त्या वरच्या मजल्यावर घ्याव्यात. पाण्यात बुडालेला संच तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय सुरू करू नये. घराची वीज तोडली तरी उन्हात पॅनेलच्या तारांत दाब असतोच, हेही लक्षात ठेवावे.

पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या भागात ऊन भरपूर, पण धूळही भरपूर. शिवाय बोअरचे पाणी क्षारयुक्त. त्याने धुतलेल्या पॅनेलवर पांढरे डाग बसतात व ते सहजी निघत नाहीत. शक्य असल्यास साठवलेले पावसाचे पाणी वापरावे किंवा धुतल्यानंतर लगेच मऊ कापडाने पाणी निपटून काढावे. पुसण्याची वेळ सकाळची वा सायंकाळची असावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडल्यास ती तडकू शकते. कंदिलाच्या काचेबाबत आजीला ठाऊक असलेला नियम येथेही लागू पडतो. उष्णतेविषयीही एक गैरसमज आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको. त्याची नोंदलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते. वैशाखात घट ६० अंशांवर तापले, की निर्मिती दहा ते पंधरा टक्क्यांनी घटू शकते. म्हणून पॅनेल व छप्पर यांत हवा खेळण्यास जागा सोडणे आवश्यक ठरते.

तीनही प्रदेशांना लागू पडणारी एक सवय म्हणजे नोंद. ठरावीक दिवशी निर्मितीचा आकडा वहीत लिहावा व मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा. आकाश निरभ्र असूनही आकडा घसरला, तर धूळ, सावली, सैल जोड किंवा इन्व्हर्टरचा बिघाड या क्रमाने शोध घ्यावा. घरातील माणसाने पाहावे, पुसावे व नोंदवावे. जोड उघडण्याचे काम तंत्रज्ञानेच करावे. शिसे-आम्लाची पाण्याची बॅटरी असल्यास ती हवेशीर जागी ठेवावी व तिच्यातील पाण्याची पातळी दरमहा पाहावी.

मान्याचीवाडी आणि पुढील प्रश्न

ढेबेवाडी खोऱ्यातील मान्याचीवाडी हे गाव ग्रामस्वच्छता अभियानातील कामामुळे पूर्वीच परिचित होते. तेथील सर्व १०२ वीजग्राहकांसाठी एकूण ११२ किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा उभी राहिली. कोयनेच्या तालुक्यातच घराघरांवर वीज तयार व्हावी, ही घटना इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथे एक बाब विशेष नोंदवावीशी वाटते. या गावात सामूहिक शिस्तीची सवय सौर पॅनेलच्या अगोदरची आहे. ज्या गावाने अंगण झाडण्याचे वेळापत्रक पाळले, त्यास पॅनेल पुसण्याचे वेळापत्रक पाळणे अवघड जाऊ नये. सर्वच गावांबाबत असे गृहीत धरता येणार नाही.

याचे कारण एका साध्या हिशेबात आहे. पॅनेलची कार्यक्षमतेची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. अनुदानित योजनांत संच बसवणाऱ्या पुरवठादारावर देखभालीची जबाबदारी पाच वर्षांची असते. इन्व्हर्टर त्या २५ वर्षांत किमान एकदा बदलावा लागण्याची शक्यता असते. उरलेल्या वीस वर्षांचा प्रश्न कोणाचा? सौर पथदिव्यांच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला नाही. या वेळी पॅनेल गावाच्या चौकात नसून घराच्या छपरावर आहेत आणि अनेक कुटुंबांनी त्यांसाठी कर्ज काढलेले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :
१) कंदिलाच्या काळात देखभालीचे ज्ञान घरात होते; मंडळाच्या विजेने ते घराबाहेर नेले; भारनियमनाच्या काळात ते अंशतः परतले; सौरसंचामुळे ते पुन्हा घरात येणे अपरिहार्य झाले आहे.
२) सौर योजनांत साधन घरी पोहोचते, पण ज्ञान बहुधा पुरवठादाराकडेच राहते. ही तफावत दूर झाली नाही, तर पथदिव्यांच्या इतिहासाची पुनरावृत्ती होऊ शकते.
३) देखभालीची माहिती प्रादेशिक असावी. जतमधील व पाटणमधील कुटुंबास एकच पत्रक पुरेसे नाही.
४) पाच वर्षांच्या मुदतीनंतरच्या देखभालीसाठी ग्रामपंचायत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये यांनी स्थानिक तंत्रज्ञ घडवणे आणि प्रत्येक कुटुंबाने दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवणे गरजेचे आहे.
५) पूर्वी दिवे पुसण्याचे श्रम स्त्रियांच्या वाट्याला आले, पण त्या ज्ञानास प्रतिष्ठा मिळाली नाही. सौरसंचाच्या प्रशिक्षणात स्त्रियांना प्रथम स्थान दिल्यास ही ऐतिहासिक उणीव काही अंशी भरून निघेल.

दिव्याच्या अमावास्येला दिवे मांडण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. त्या दिवशी छपरावरील सांगाड्याकडे, तारांकडे व वहीतील आकड्यांकडे एकदा पाहिले जावे, एवढी अपेक्षा परंपरेशी सुसंगतच ठरेल. प्रकाश मिळवण्याचा इतिहास या परिसराने मोठ्या त्यागाने घडवला आहे. तो टिकवण्याचा इतिहास आता घराघरांत घडावयाचा आहे.